डीपीत गेलेला चेंडू सोडून द्यायचा

"करंटला हात लावायचा नाही, एवढं सांगितलंय की पोरांना." बैठकीत विषय काढला की बहुतेक ताई हेच म्हणतात.

एवढ्यानं भागत नाही. मुलाला करंट म्हणजे घरातलं बटण आणि बोर्ड. डीपीचं कुंपण, पोलाचा ताण, विहिरीवरच्या मोटारीची केबल, यातही करंट उतरू शकतो हे त्याला कसं कळणार? घरात 230 व्होल्ट येतात, डीपीकडे येणाऱ्या वरच्या लाईनीत बहुतेक ठिकाणी 11,000. तिच्या अगदी जवळ गेलं, ओली काठी नेली, तरी जीव जाऊ शकतो. म्हणून अडकलेला पतंग काढायचा नाही, डीपीत गेलेला चेंडू सोडून द्यायचा. आणि चेंडू हरवला म्हणून घरी मार बसणार असेल, तर पोरगं कुंपणावरून उडी मारणारच, हेही बघा.

पावसाळ्यात तार तुटून पडते. ठिणगी दिसत नाही म्हणजे करंट नाही, असं समजू नका. आजूबाजूच्या जमिनीतही तो पसरतो, ओल असली की जास्तच. पोरांनी तीस-पस्तीस फूट लांबच थांबायचं. चुकून जवळ गेलेच तर पळायचं नाही, दोन्ही पाय जुळवून, न उचलता, घासत घासत मागे सरकायचं. हे अंगणात करून दाखवा. खेळ समजून लगेच शिकतात.

सगळ्यात अवघड गोष्ट पुढची. मित्र किंवा भाऊ तारेला चिकटला तर मूल त्याचा हात धरून ओढायला जातं आणि तेही चिकटतं. त्याला पुन्हा पुन्हा सांगा: हात लावायचा नाही, ओरडत मोठ्या माणसाकडे पळायचं. पळून आला म्हणून त्याला भित्रा म्हणू नका. आपणही आधी मेन स्विच बंद करायचा. वरची लाईन असेल तर लाईनमनला किंवा महावितरणच्या 1912 नंबरला फोन करायचा. लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोरडी काठीसुद्धा लावायची नाही.

बाकी, पोलाच्या ताणाला दोरी बांधून साड्या वाळत घालणाऱ्या आपणच आहोत. पोरं ते बघतात. या महिन्याच्या बैठकीला मुलांना सोबत आणा, बैठक झाली की गावात एक फेरी मारू. उघडी डीपी, खाली लोंबणाऱ्या तारा कुठे आहेत ते मुलांनाच दाखवायला सांगू. त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठिकाणं माहीत असतात. यादी ग्रामसंघाकडे द्या, तक्रारीचा अर्ज आपण मिळून लिहू.