गोल न उमटलेली चकती

नाशिक जिल्ह्यातल्या त्या ब्रॉयलर शेडमध्ये पाय टाकताच अमोनियाने डोळे चुरचुरतात. खाली भाताच्या तुसाचं लिटर, वर पाण्याच्या निपलच्या रांगा. चाळिसेक दिवसांत पिल्लू दोन किलोचं होतं. मध्येच काही पक्षी मलूल दिसले, की औषध थेट पाण्याच्या टाकीत पडतं. हजारोंतून आजारी तेवढे वेगळे काढणं जमत नाही, म्हणून निरोगी पक्षीही तेच पाणी पितात. "मरतूक लागली की बॅच हातची जाते," शेतकरीदादा म्हणाले. पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, त्यांच्या पदरी फक्त संगोपनाची मजुरी. त्यांची भीती खरी आहे.

सोबतच्या संशोधक विद्यार्थिनीने लिटरचे नमुने निर्जंतुक पिशव्यांत भरून बर्फात ठेवले. प्रयोगशाळेत ईएमबी माध्यमावर ई. कोलायच्या वसाहती हिरवट धातूसारख्या चकाकत उगवल्या. ओळख पक्की झाल्यावर तिने त्या जिवाणूंचं पातळ द्रावण म्युलर-हिंटन अगारच्या प्लेटवर कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारखं फिरवलं, त्यावर प्रतिजैविकांच्या कागदी चकत्या ठेवल्या आणि प्लेट रात्रभर 35 अंशांवर ठेवून दिली. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल राहतो. तो मिलिमीटरमध्ये मोजायचा.

टेट्रासायक्लिनला गोल नव्हताच. जिवाणू चकतीला भिडून वाढले होते. सिप्रोफ्लॉक्सासिनचीही तीच गत. हे माणसांचं औषध. पण कोंबड्यांना देतात त्या एन्रोफ्लॉक्सासिनचं त्यांच्या शरीरात काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सासिनच होतं. अमेरिकेने 2005 मध्येच कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन बंद केलं.

कोलिस्टिनची चकती तिने ठेवली नाही. त्याचा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही, गोल फसवा निघतो. त्यासाठी द्रव माध्यमात दुप्पट-दुप्पट मात्रांची चाचणी करावी लागते. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी शेवटच्या आधारांपैकी हे एक औषध. 2015 मध्ये चीनच्या संशोधकांनी जिवाणूंना कोलिस्टिनपासून वाचवणारं एमसीआर-1 जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही दाखवलं. ते प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं, त्यामुळे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातं. भारताने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. चांगलंच झालं, पण ती बंदी एका औषधापुरती होती.

आपण बोलतो ते चिकनमधल्या औषधाच्या अंशाबद्दल. चिकन नीट शिजवलं तर जिवाणू तरी मरतात. मला जास्त घोर कोंबडखताचा आहे. बॅच उचलली की लिटर गोण्यांत भरून शेतांकडे निघतं. ढीग नीट कुजवला, आत 55 अंशांवर उष्णता टिकली, तर जिवाणू खूप घटतात. ताजंच टाकलं तर ते थेट मातीत जातात, तिथून पाण्यात.

दादांनी विचारलं, "औषधाआधी ही चाचणी आम्हाला नाही का मिळणार?" निकालाला दोन-तीन दिवस लागतात, मरतूक तेवढं थांबत नाही. कोरडं लिटर, स्वच्छ पाइपलाइन, वेळेवर लस आणि दोन बॅचमध्ये रिकामी शेड एवढं त्यांच्या हातात आहे. चाचणी तालुक्यापर्यंत नेणं मात्र सरकारचं आणि कंपन्यांचं काम आहे, आणि ते त्यांनी आता करायला हवं.