रसद, फासे आणि दिलेला शब्द

वॉरगेम खेळणारी चार माणसं एकत्र आली की 'तुझा आवडता खेळ कोणता?' हा प्रश्न निघतोच आणि त्यावर रात्र सरते. एक जण 'डिप्लोमसी'चं नाव घेतो, दुसरा 'ट्वायलाइट स्ट्रगल'चं. तिसऱ्याला १९७७ सालच्या 'स्क्वॉड लीडर'पुढे बाकी सगळं फिकं वाटतं. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा मामला. पण जरा कान देऊन ऐकावं. युद्ध कशाच्या जोरावर जिंकलं जातं, याबद्दलचं आपलं मत प्रत्येक जण मांडत असतो. फौजेच्या? नशिबाच्या? दाणागोट्याच्या? की ऐन वेळी कुणी मोडलेल्या शब्दाच्या? खेळाचे नियम म्हणजे त्या मताचं लेखी म्हणणं. म्हणून वॉरगेमची नियमपुस्तिका मी इतिहासाच्या पुस्तकाइतक्याच गांभीर्याने वाचतो.

बुद्धिबळ हा आपल्या मातीतला युद्धाचा खेळ. पण लढाईतल्या तीन मोठ्या अडचणी त्यात नाहीत. शत्रू कुठे आहे ते पटावर लख्ख दिसतं, प्यादं कधी उपाशी राहत नाही आणि घोड्याला दिलेला हुकूम घोड्यापर्यंत पोचतोच. या उणिवा भरून काढायचा प्रयत्न युरोपात अठराव्या शतकापासून चालू होता. ब्रुन्सविकच्या योहान हेलविग या शिक्षकाने १७८० साली बुद्धिबळाचा पट वाढवून त्यात नद्या, डोंगर, दलदल आणली. खरी उडी मात्र प्रशियात पडली. राइसवित्झ नावाच्या बापाने १८१२ साली राजाला युद्धखेळाचं एक देखणं मेज करून दिलं. तोफखान्यात अधिकारी असलेल्या त्याच्या मुलाने ते मेज बाजूला सारलं आणि १८२४ साली खऱ्या लष्करी नकाशावर खेळायचे नियम छापले. या खेळाचं नाव 'क्रीगस्पील'.

नकाशाचं प्रमाण १:८०००. एका बाजूचे ठोकळे लाल, दुसऱ्या बाजूचे निळे. एक डाव म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटं. खेळाडूने ठोकळ्याला हात लावायचा नाही. हुकूम कागदावर लिहून पंचाकडे द्यायचा. तो हुकूम घेऊन जाणाऱ्या स्वाराला किती वेळ लागेल हे पंच ठरवणार, आणि समोरच्याला जे दिसू शकतं तेवढंच नकाशावर मांडणार. गोळीबारात किती माणसं पडली ते फासे आणि कोष्टक सांगणार. प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग आधी जरा नाखुशीनेच बघायला बसले होते. डाव संपेपर्यंत त्यांची खात्री पटली की हे लष्करी शिक्षण आहे, आणि त्यांनी सैन्यभर या खेळाची शिफारस केली. थोरल्या राइसवित्झच्या मेजावर राजघराणं खुश झालं होतं. मुलाच्या नकाशाने लष्कर घडवलं. त्या मुलाने १८२७ साली आत्महत्या केली. आपल्या खेळाचं पुढे काय झालं ते त्याला बघायला मिळालं नाही.

पुढे १८७६ साली व्हर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनानीने म्हटलं की कोष्टकं आणि फासे हवेत कशाला, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. तेव्हापासून या छंदात दोन घराणी पडली: कोष्टकावर विश्वास ठेवणारी आणि पंचावर ठेवणारी. हा वाद अजून मिटलेला नाही. मी स्वतः कोष्टकाच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण मिडवे.

मे १९४२. जपानी नौदल मिडवे मोहिमेची रंगीत तालीम 'यामातो' या युद्धनौकेवर पटावर करत होतं. फाशांनी कौल दिला की अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब लागले आणि 'अकागी' व 'कागा' या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. मुख्य पंच ॲडमिरल उगाकी यांनी निकाल फिरवला: नऊ नव्हे, तीनच बॉम्ब, 'अकागी'चं किरकोळ नुकसान. बुडालेली 'कागा'सुद्धा पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली. मित्सुओ फुचिदा या वैमानिकाने युद्धानंतर लिहिलेली ही हकीगत. पुढच्याच महिन्यात मिडवेच्या समुद्रात अकागी, कागा आणि आणखी दोन विमानवाहू नौका खरोखरच तळाला गेल्या. फासे भविष्य सांगत नाहीत. पण वरिष्ठांच्या मर्जीपुढे ते वाकतही नाहीत, आणि ती फार मोठी सेवा आहे.

पंचगिरी प्रामाणिक असली तर काय साधतं याचं उदाहरण त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये घडत होतं. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनचे मालताफे बुडवत होत्या. क्षयामुळे निवृत्त व्हावं लागलेल्या गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्याला जानेवारी १९४२ मध्ये डर्बी हाउस या इमारतीत एक खोली मिळाली, आणि मदतीला नौदलाच्या महिला दलातल्या, 'रेन' म्हटल्या जाणाऱ्या तरुण मुली. त्यांनी खोलीची फरशी म्हणजे समुद्र केला. त्यावर चौकटी आखल्या, लाकडी जहाजं ठेवली आणि खडूने मार्ग काढायला सुरुवात केली. भोवती कापडी पडदे लावून त्यांना भोकं ठेवली. खेळणाऱ्या कप्तानाने त्या भोकातून पाहायचं, म्हणजे आपल्या जहाजाच्या ब्रिजवरून दिसेल तेवढंच त्याला दिसेल. आपल्या जहाजांचे मार्ग पांढऱ्या खडूने, पाणबुडीचा हिरव्या. कारण पडद्याआडून तिरप्या नजरेला हिरवा खडू दिसत नसे. एवढ्या साध्या युक्तीने समुद्रातलं अज्ञान खोलीत उतरवलं.

तोवर सगळ्यांचा समज होता की पाणबुडी ताफ्याच्या बाहेरून टॉर्पिडो मारते. रॉबर्ट्स आणि रेन मुलींनी खऱ्या हल्ल्यांची टिपणं घेऊन ते डाव पुन्हा मांडले. एका हल्ल्यात जहाज ताफ्याच्या मधल्या रांगेत बुडालं होतं. बाहेरून मारून ते जमेना. एकच गोष्ट जुळत होती: पाणबुडी रात्री पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने, ताफ्याच्या आतच शिरत असणार. ताफ्याची रक्षक जहाजं मात्र स्फोट झाला की बाहेरच्या अंगाला धावत होती. त्यावर उतारा म्हणून जी हालचाल बसवली तिला जीन लेडलॉ या रेनने 'रास्पबेरी' हे नाव दिलं. इंग्रजीत तोंडाने फुर्र आवाज काढून वेडावण्याला 'रास्पबेरी' म्हणतात; हिटलरला तसं वेडावून दाखवायचं म्हणून. पुढे नवे सरसेनापती मॅक्स हॉर्टन, जे पहिल्या महायुद्धातले नावाजलेले पाणबुडी कप्तान होते, स्वतः पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले आणि जॅनेट ओकेल या तरुण रेनकडून हरले. युद्ध संपेपर्यंत जवळजवळ ५००० अधिकारी या फरशीवर शिकून समुद्रावर गेले. वॉरगेम म्हणजे पोरखेळ असं कुणी म्हणालं की मी त्याला ही गोष्ट सांगतो.

छंद म्हणून हा खेळ घराघरांत पोचला तो अमेरिकेत. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांसाठी नियम लिहिले होते, पण खोक्यात घालून दुकानात विकता येणारा वॉरगेम चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ साली 'टॅक्टिक्स' या नावाने काढला. १९५८ मध्ये त्यांनी बाल्टिमोरला ॲव्हलॉन हिल ही कंपनी सुरू केली. नकाशावर षट्कोनांची जाळी, फौजेची पुठ्ठ्याची चौकोनी काउंटरं, त्यावर छापलेलं बळ आणि वेग, आणि लढाईच्या निकालाचं कोष्टक ही सगळी मांडणी त्यांच्या खेळांतून रूढ झाली. चौकोनांच्या पटावर तिरकं गेलं की अंतर जास्त कापलं जातं. षट्कोनात सहाही दिशा सारख्या. आजही जुने खेळाडू नकाशा समोर आला की बोटाने षट्कोन मोजतात आणि 'तीनास एक' जमतंय का ते बघतात. बचाव करणाऱ्याच्या तिप्पट बळ गोळा झालं तरच हल्ला करायचा, हा त्या पिढीचा पाठ.

मला मात्र या घराण्यातला १९६४ चा 'आफ्रिका कोर' जास्त मोलाचा वाटतो. त्यात जर्मन सेनानी रोमेलचं काउंटर आहे, पण खरा नायक रसदेचं काउंटर. दर डावाला फासा टाकून बघायचं, भूमध्य समुद्रातून जर्मन रसद पोचली की बुडाली. रसद जवळ नसेल तर हल्ला नाही. रोमेल कितीही हुशार असू दे, वाळवंटात त्याला ट्रकची वाट पाहावी लागते. याच विषयाचं टोक गाठलं रिचर्ड बर्ग यांच्या १९७९ च्या 'कँपेन फॉर नॉर्थ आफ्रिका'ने. दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू, त्यांतला एकेक फक्त रसद सांभाळणार. पेट्रोल उन्हात उडून जाणार. आणि इटालियन तुकड्यांना पास्ता उकळायला जास्तीचं पाणी लागणार. पूर्ण डावाला १५०० तास लागतात असं सांगतात. पास्त्याचा नियम बर्ग यांनी गमतीने घातला होता, पण लोकांच्या लक्षात तोच राहिला. खेळ म्हणून मी याची शिफारस करणार नाही. नियम म्हणजे गुंतागुंत नव्हे, आणि नेमकं काय वगळायचं हे कळणं हीच रचनाकाराची परीक्षा.

वगळण्यात ॲलन कॅलहॅमरांचा हात कुणी धरू शकत नाही. हार्वर्डमध्ये पहिल्या महायुद्धाची कारणं वाचताना त्यांना 'डिप्लोमसी' सुचला. १९५९ साली त्यांनी पदरचे पैसे घालून ५०० प्रती काढल्या. पुढे ते इलिनॉयमध्ये पोस्टमन होते. पट १९०१ च्या युरोपचा, सत्ता सात, फासा नाही. सगळ्या फौजांचं बळ सारखं, म्हणजे एकट्याने कुणालाच हलवता येत नाही. शत्रूला हटवायचं तर दुसऱ्या फौजेचा पाठिंबा हवा, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्या सत्तेकडेच मागावा लागतो. म्हणून आधी बोलणी, कोपऱ्यात जाऊन कुजबूज, शब्द देणं-घेणं. मग सगळ्यांनी हुकूम लिहायचे आणि ते एकदम उघडायचे. कोण शब्दाला जागला ते त्या एका क्षणी कळतं. ३४ पैकी १८ ठाणी ज्याची, तो जिंकला. या खेळाने मैत्र्या तुटल्या असं म्हणतात. मला तो उलट माणूस ओळखायला शिकवणारा खेळ वाटतो.

१९९३ साली मार्क हर्मन यांनी 'वी द पीपल' या खेळात पत्त्यांनी मोहीम चालवायची पद्धत आणली, आणि षट्कोनात न मावणारं राजकारण पटावर आलं. २००५ चा 'ट्वायलाइट स्ट्रगल' हे त्याचं पक्व फळ. अनंदा गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांनी शीतयुद्ध दोन खेळाडूंत बसवलं. यातली क्रूर कल्पना अशी, की तुमच्या हातात शत्रूच्या फायद्याचे पत्ते येतात आणि ते तुम्हालाच खेळावे लागतात. घटना सहसा घडणारच, फक्त ती कधी घडू द्यायची एवढंच तुमच्या हातात. भारत-पाकिस्तान युद्धाचाही एक पत्ता आहे. आपल्या घरातली जखम तिथे दोन महासत्तांमधली एक फाशाची फेक होऊन येते. खेळताना हे बोचतं, आणि बोचावंच. वॉशिंग्टन आणि मॉस्कोतून आपण तसेच दिसत होतो.

हिंदुस्थानाकडे नीट वळून पाहणारे खेळ गेल्या काही वर्षांत आले. ब्रूस मॅन्सफिल्ड यांचा 'गांधी' (२०१९) ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक अशा चार बाजूंनी खेळायचा. चौघांचे नियम वेगळे, आणि अहिंसेला पटावर खरंखुरं बळ दिलेलं. कोल वेअर्ल यांच्या 'जॉन कंपनी'त खेळाडू लंडनमधली घराणी होतात आणि ईस्ट इंडिया कंपनीत आपली पोरं चिकटवतात. त्यांना हिंदुस्थान जिंकायचा नसतो, त्यांना मुलाला बरी नोकरी आणि म्हातारपणी बंगला हवा असतो. त्या हव्यासापायी इथे राज्यं बुडतात. वसाहतवादाची यंत्रणा इतकी उघडी करून दाखवणारा दुसरा खेळ मी पाहिलेला नाही.

हे सगळे पट पाहताना माझं मन दर वेळी पानिपताकडे जातं. १७६१ ची ती मोहीम या सगळ्या घराण्यांना एका मेजावर आणते. १७ ऑक्टोबर १७६० ला भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला आणि तिथला धान्यसाठा हाती आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. इथून पुढे तो डाव 'आफ्रिका कोर'चा आहे. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, त्यांच्याबरोबर अब्दालीची रसद तोडायची आशा गेली, आणि बायका-मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे यांच्यासह लाखाच्या घरातलं लष्कर उपाशी राहिलं. त्याच्या आधीचे महिने 'डिप्लोमसी'चे: मराठ्यांच्या बाजूचा जाट राजा सूरजमल निघून गेला, आणि अवधच्या शुजाउद्दौल्याला रोहिला सरदार नजीबखानाने अब्दालीच्या गोटात नेलं. नदीपलीकडचा शत्रू कुठे उतरतोय ते वेळेवर न कळणं हे 'क्रीगस्पील'चं काम. १४ जानेवारीच्या लढाईसाठी इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि 'तीनास एक'चं कोष्टक आहेच, पण माझ्या मते त्या दिवशी मेजावर पोटाचा हिशोब आधीच लागलेला असला पाहिजे.

त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं १९४६ सालचं पानिपतावरचं पुस्तक अशा रचनाकारासाठी अर्धं काम करून ठेवतं. मुक्काम, वाटा, तारखा, कोण केव्हा कुठे होता, हे सगळं त्यात आहे. छापायची अडचणही पूर्वीइतकी नाही. 'गांधी' काढणाऱ्या जीएमटी गेम्सने पाचशेच्या आसपास आगाऊ मागण्या आल्या की खेळ छापायला घ्यायची रीत पाडली आणि तिच्यावर पुष्कळ खेळ उभे राहिले. पानिपताचा पट हवा असणारी पाचशे मराठी घरं मिळणार नाहीत, हे मला पटत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. इतिहासाचं वाचन असलेल्या आणि खेळात रमणाऱ्या कुणी तरी हे मनावर घ्यावं. यमुनेचा नकाशा पसरावा, पुठ्ठ्याची काउंटरं कापावीत आणि पहिला नियम रसदेचा लिहावा. खेळून बघायला मी येईन, आणि सांगाल ती बाजू घेईन.