हवेला वळसा घालून कानापर्यंत

विजापूरच्या गोलघुमटात वरच्या सज्ज्यात उभं राहून भिंतीशी कुजबुजलं, तर थेट समोरच्या बाजूला कान लावून बसलेल्या माणसाला शब्द न् शब्द कळतो. मध्ये जवळजवळ चाळीस मीटरचं अंतर! १६५६ साली पूर्ण झालेल्या या वास्तूतलं हे नवल दाखवल्याशिवाय कुठलाच गाईड पुढे सरकत नाही. पण त्याच घुमटाखाली कानाचं मशीन लावलेला एखादा पर्यटक उभा असेल, तर गाईडचं साधं वाक्यही त्याला नीट उमगत नाही.

मशीन आवाज मोठा करतं, मग अडतं कुठे? गाईडच्या ओठांतून निघालेला आवाज हवेत पसरत जातो. एक मीटरवर त्याची जी ऊर्जा असते, तिचा जेमतेम चौसष्टावा हिस्सा आठ मीटरवर थेट पोहोचतो. दगडी भिंतींवरून घुमणारा आवाज मात्र दालनभर जवळपास सारखाच भरून असतो. मशीन दोन्ही सारखेच वाढवतं. ओल्या कागदावर शाई फुटावी तसे शब्द एकमेकांत मिसळून जातात. म्हणजे खरी अडचण मोठ्या-लहान आवाजाची नाही, अंतराची आहे.

मग हवेला टाळूनच आवाज कानात नेता आला तर? १८३१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातला प्रवाह सुरू किंवा बंद केला की त्याला कुठेही न जोडलेल्या दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभर वीज उमटे. बदलतं चुंबकीय क्षेत्र मधली जागा ओलांडत होतं. याच तत्त्वावर बहिऱ्यांसाठी आवाज पोहोचवणाऱ्या 'लूप'चं पेटंट जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ साली ब्रिटनमध्ये घेतलं.

आज टूरमध्ये हे असं चालतं. गाईडच्या ओठांपासून काही सेंटिमीटरवर छोटा माइक असतो. तिथून आवाज रेडिओलहरींवर स्वार होऊन पर्यटकाजवळच्या रिसीव्हरमध्ये येतो. रिसीव्हरला जोडलेली तारेची माळ पर्यटकाच्या गळ्यात असते. आवाजाच्या चढउतारांप्रमाणे माळेतला प्रवाह बदलतो आणि तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही. कानाच्या मशीनमध्ये काही मिलिमीटरचं तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, टेलिकॉइल. ते हे क्षेत्र पकडतं, त्यात वीज उमटते आणि मशीन तिचा पुन्हा आवाज करतं. मशीन 'टी'वर ठेवलं की त्याचा स्वतःचा माइक बंद करता येतो. मग घुमणारा प्रतिध्वनी नाही, शेजारच्या सहलीचा गलका नाही. शब्द एवढी रूपं पालटतो, तरी गाईडचे ओठ हलतात तेव्हाच तो कानात असतो. गाईड वीस पावलांवर असो, कानाच्या लेखी तो अगदी शेजारी उभा असतो.

पण ज्यांना मशीनचा उपयोग नाही, ज्यांची भाषाच सांकेतिक आहे, त्यांचं काय? त्यांची अडचण वेळेची असते. ऐकू येणारा माणूस चित्र बघता बघता गाईडचं ऐकतो. कर्णबधिर पर्यटकाला दोन्ही कामं डोळ्यांनीच करायची असतात. "डावीकडचा तो हात बघा" या वाक्यावर त्याने डावीकडे पाहिलं, की दुभाष्याच्या हातांवरचं पुढचं वाक्य निसटलंच. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये आणि लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये कर्णबधिर मार्गदर्शक स्वतः टूर घेत आले आहेत. अशा टूरची लयच निराळी. आधी सांगायचं, मग हात खाली घेऊन लोकांना निवांत बघू द्यायचं, सगळ्यांचे डोळे परत आले की पुढचं बोलायचं. लोक अर्धवर्तुळात उभे राहतात, म्हणजे कुणाआड कुणी येत नाही. मार्गदर्शक खिडकीकडे पाठ करत नाही. नाहीतर चेहरा काळोखात जातो, आणि सांकेतिक भाषेत भुवयाही व्याकरण सांभाळतात.

या दोन शहरांत बोली इंग्रजीच, पण अमेरिकी आणि ब्रिटिश सांकेतिक भाषा एकमेकींना परक्या. आपली भारतीय सांकेतिक भाषा आणखी वेगळी. तिच्या संशोधन व प्रशिक्षणाचं केंद्र २०१५ साली दिल्लीत सुरू झालं, आणि २०२१ पर्यंत तिच्या शब्दकोशात १०,००० शब्द जमले. अजिंठ्याच्या मंद उजेडात हात नीट दिसणार नाहीत, हे खरं. पण चित्राची गोष्ट लेण्याबाहेर उन्हात सांगून मग आत नेता येईलच की.

तुमच्या घरात कुणी कानाचं मशीन वापरत असेल, तर त्यात टेलिकॉइल आहे का, ती चालू करून दिली आहे का, हे ऑडिऑलॉजिस्टला विचारा. अगदी छोट्या मशीनमध्ये बहुधा तिला जागा नसते. आणि तिकीट खिडकीवर गळ्यातला लूप मागा, सांकेतिक भाषेतली टूर कधी असते ते विचारा. आज "नाही" ऐकावं लागलं तरी विचारत राहा. तिकीट सगळे सारखंच काढतात. गोष्टही सगळ्यांना सारखीच मिळायला हवी.