अक्षरांशी वाकडं, झेरॉक्सशी सूत

दुसरीत नापास झालेला एक मुलगा. एकेका शाळेनं त्याला घरचा रस्ता दाखवला. अक्षरं समोर असायची, पण त्यांचे शब्द काही व्हायचे नाहीत. हायस्कूल कसंबसं पार पडलं तेव्हा, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, सुमारे बाराशे मुलांत त्याचा नंबर खालून आठवा होता. आता सांगा, या मुलानं पुढे कसला धंदा काढला असेल?

झेरॉक्सचा!

पॉल ऑर्फला त्याचं नाव. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात, सांता बार्बराच्या विद्यापीठाला लागून त्यानं एवढंसं दुकान थाटलं. जागा इतकी तोकडी, की मशीन ढकलत फुटपाथवर आणायची वेळ यायची. कुरळ्या केसांमुळे मित्र त्याला ‘किंको’ म्हणत, म्हणून दुकान ‘किंकोज’. त्या एकाची पुढे हजारावर दुकानं झाली आणि २००४ मध्ये फेडएक्सनं ती कंपनी २.४ अब्ज डॉलरला विकत घेतली. ज्याला छापील पान धड वाचता येत नव्हतं, त्यानं छापील पानांच्या प्रती काढून साम्राज्य उभं केलं. हे झालं कसं?

ते सांगतो, पण आधी एक उलटा प्रश्न. त्याला वाचता का येत नव्हतं, हे घटकाभर बाजूला ठेवू. तुम्हाला वाचता येतं, ते तरी कसं?

बघायला, ऐकायला, बोलायला मेंदूत जन्मजात सोय आहे. वाचायला काहीही नाही! असणार तरी कुठून? लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, आणि त्यातही अगदी अलीकडेपर्यंत बहुतेक माणसं तिच्या वाटेला गेलेली नव्हती. एवढ्याशा काळात मेंदूत नवा भाग कसा उगवणार? मग मेंदू एक जुगाड करतो. डाव्या कानामागे, जरा खालच्या अंगाला, चेहरे आणि वस्तू ओळखणारा जुना भाग आहे. त्यातली एक खोली तो अक्षरांना भाड्यानं देऊन टाकतो. आणि नवल असं, की तुम्ही चिनी वाचा, इंग्रजी वाचा नाहीतर मराठी, ही खोली जवळपास त्याच ठिकाणी सापडते. स्तानिस्लास दहेन या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञानं याला मेंदूतल्या पेशींचा पुनर्वापरच म्हटलं आहे.

जुन्या मालकाच्या खोडी मात्र जात नाहीत. चहाच्या कपाचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप तो कपच. वाघ डावीकडून आला काय आणि उजवीकडून आला काय, पळायचं ते पळायचंच. म्हणून वस्तू आणि तिची आरशातली प्रतिमा एकच, असं हा भाग लाखो वर्षं मानत आला. आणि मग इंग्रजी बाराखडी येऊन सांगते, दांडी डावीकडे असली तर ‘बी’, उजवीकडे असली तर ‘डी’! बालवाडीतली पोरं अक्षरं उलटी काढतात ती उगीच नाही.

आपल्या देवनागरीचे नखरे वेगळे. ‘कि’ लिहून बघा. डोळ्याला आधी वेलांटी भेटते, तोंडातून आधी ‘क’ निघतो. ‘वर्ग’मधला रफार बसतो ‘ग’च्या डोक्यावर आणि बोलतो ‘ग’च्या आधी. घ-ध आणि भ-म या जोड्यांबद्दल तर पहिलीच्या बाईंनाच विचारा. हे सगळं तुम्ही आत्ता, या ओळीत, डोळ्याचं पातं लवायच्या आत निस्तरलंत आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही!

ऑर्फलाच्या वाचण्यातल्या अडचणीचं नाव डिस्लेक्सिया. डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं, असा समज फार पसरला आहे. खरी गोम बहुतेकदा आवाजात असते. ‘कमळ’मधून ‘म’ काढा. काय उरलं? ‘कळ’. किती सोपं वाटलं ना? डिस्लेक्सिया असलेल्या अनेक मुलांना बोललेल्या शब्दाचे असे तुकडे पाडणंच जड जातं. आवाजाचा तुकडा हाती लागला नाही, तर अक्षर जोडायचं कशाला? साधारण शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या वाट्याला हे येतं, बरेचदा घराण्यातूनच उतरतं, आणि त्याचा हुशारीशी काडीचा संबंध नसतो.

आता ऑर्फलाकडे परत. वाचन नको, म्हणजे कागदांच्या ढिगापुढे बसणं नको, म्हणजे ऑफिसच नको! तो आपल्या दुकानांतून भटकत राहिला. कुठला पोऱ्या काय नामी युक्ती लढवतोय ते डोळ्यांनी बघायचं आणि व्हॉइसमेलवर बोलून बाकीच्या दुकानांना कळवायचं. सगळं आपणच करू, हा भ्रम त्याला परवडणाराच नव्हता. म्हणून त्यानं ठिकठिकाणी भागीदार घेतले आणि त्यांच्यावर विश्वास टाकला. व्यवस्थापनाच्या शाळेत हेच फी घेऊन शिकवतात. त्याला ते अडचणीनं फुकटात शिकवलं.

अडचणीतून निघालेली पळवाट सगळ्यांचाच हमरस्ता कशी होते, हे बघायचं तर तुर्भ्याला आयकिया आहेच. तिथल्या सामानाची नावं वाचून तुम्हीही बुचकळ्यात पडला असाल. इंग्वार कांप्राद यांनी १९४३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी स्वीडनमध्ये ही कंपनी काढली. त्यांनाही डिस्लेक्सिया होता आणि मालाचे आकडी कोड डोक्यात राहीनात. मग आकड्यांऐवजी नावं! सोफ्यांना स्वीडनमधल्या गावांची, पलंगांना नॉर्वेतल्या ठिकाणांची, न्हाणीघरातल्या वस्तूंना तळ्यांची आणि नद्यांची. पुस्तकांच्या एका कपाटाचं नाव तर चक्क ‘बिली’. गोदामातला आकडा कुणाला आठवतो? बिली मात्र जगभर लोकांच्या तोंडी आहे.

ही काय दोन सुटी उदाहरणं? लंडनच्या तेव्हाच्या कास बिझनेस स्कूलमधल्या ज्युली लोगन यांनी अमेरिकेतल्या १३९ उद्योजकांची पाहणी केली. २००७ मध्ये निष्कर्ष आले: ३५ टक्क्यांनी आपल्याला डिस्लेक्सिया असल्याचं सांगितलं. मोठ्या कंपन्यांतल्या मॅनेजरांत हे प्रमाण एक टक्काही नव्हतं! मला यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. जी मुलं परीक्षांच्या चाळणीतून खाली गळाली, त्यांना मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत कोण पोचू देणार? स्वतःचा धंदा, हे एकच दार असं असतं जिथे कुणी मार्कशीट मागत नाही.

म्हणून ‘डिस्लेक्सिया ही देणगीच’ या हल्लीच्या घोषणेला मी काही टाळ्या वाजवणार नाही. पाहणी छोटी, उत्तरंही लोकांनी स्वतःच दिलेली. शिवाय आपल्याला दिसतात ते तरलेले. शाळेतच हिंमत हरलेल्यांवर कोण लेख लिहितो? ऑर्फलाला तर त्याच्यावर विश्वास असलेले आईवडील लाभले होते. ते सगळ्यांच्या नशिबी कुठे असतात?

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियाचाही, समावेश झाला आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात, आणि मुंबईतल्या काही महापालिका रुग्णालयांत तपासणीची सोयही आहे. घरातलं पोर तोंडी सगळं फडाफडा सांगत असेल आणि वही उघडली की गप्प होत असेल, तर त्याला आणखी एक शिकवणी लावण्याआधी ही तपासणी करून घ्या.