गाडी चमकवा, पण घासू नका!

कर्ज काढून घेतलेली पहिली गाडी, दसऱ्याची पूजा आणि बॉनेटवर उमटलेलं कोळ्याचं जाळं... हे ओरखडे घरच्या घरी जातात का? जातात. पण त्याआधी ते येतात कुठून, हे कळायला हवं.

दसऱ्याला पुण्याहून करमाळ्याला गेलो, तेव्हा गाडी जेमतेम आठ महिन्यांची होती. ईएमआय मात्र पाच वर्षांचा! हायवे सोडून आत वळलो आणि घर येईपर्यंत काळ्या गाडीची मातकट गाडी झाली. सकाळी उठून बघतो तर अंगणात ती लखलखत उभी. शेजारी अण्णा, हातात जुन्या बनियनचं फडकं.

‘‘पुसून ठेवलीय रे. बघ कशी दिसतेय!’’

पुढचे चार दिवस हेच. मग पूजा झाली. आमच्याच तालुक्यातल्या केमचं कुंकू बॉनेटवर लागलं, झेंडूचा हार चढला, चाकाखाली लिंबू फुटलं. दुपारी सगळे श्रीदेवीच्या माळावर कमलाभवानीच्या दर्शनाला गेलो. परत येताना ऊन बरोबर बॉनेटवर पडलं होतं आणि त्यात मला ते दिसलं. गोल गोल, बारीक, केसासारखे शेकडो चरे. अण्णांना काहीच बोललो नाही. बोलणार तरी काय? ज्या मायेनं त्यांनी वीस वर्षं स्कूटर पुसली, त्याच मायेनं माझी गाडी पुसली होती.

केसापेक्षा पातळ कवच

या चऱ्यांना ‘स्वर्ल मार्क्स’ म्हणतात. आजच्या बहुतेक गाड्यांवर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक ‘क्लिअर कोट’ असतो. सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट फक्त 40-50 मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे बघा!

धूळ म्हणजे नुसती माती नाही. त्यात वाळूचे, खडीचे बारीक टोकदार कण असतात. कोरडं फडकं फिरवलं की तेच कण क्लिअर कोटवरून घासत जातात. खरं तर हे चरे वेड्यावाकड्या दिशांनी गेलेले असतात. पण उजेडाभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून जाळं गोल दिसतं. ऑफिसच्या बेसमेंटमधल्या ट्यूबलाइटखाली ते लपतं, उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चमध्ये लगेच सापडतं.

पॉलिश म्हणजे भरणं नव्हे, तासणं

आपल्याला वाटतं, पॉलिश चऱ्यात जाऊन बसतं. तसं नाही. पॉलिशमधले अतिबारीक कण चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट तासून सपाट करतात. दर वेळी एखाद-दोन मायक्रॉन, कधी त्याहून जास्त थर जातो आणि तो परत येत नाही. म्हणून ‘दर दिवाळीला पॉलिश’ ही हौस महागात पडते. काही स्वस्त पॉलिश मात्र चरे नुसते झाकतात. दोन-चार धुण्यांनंतर जाळं पुन्हा हजर!

आधी नखाची चाचणी करा. ओरखड्यावरून नख आडवं, हलकेच फिरवा. अडकलं नाही, तर पॉलिशनं काम होण्याची चांगली शक्यता. अडकलं, तर ओरखडा खोल आहे. तो घालवण्याच्या हट्टापायी कवचच जाईल. तिथं टच-अप पेंट लावा किंवा पेंटरला दाखवा. आणि थोडा ओरखडा राहिला, तर राहू द्या की!

आधी अंघोळ

सावलीत, थंड गाडीवरच काम करा. दोन बादल्या घ्या: एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी मगानं वरून पाणी सोडून धूळ वाहू द्या. मग मायक्रोफायबरचा मऊ मिट शाम्पूत बुडवून छतापासून खाली या. दर वेळी मिट साध्या पाण्यात खळबळून मगच परत शाम्पूत. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हे बरं, होजपाइप लागत नाही. बोअरचं पाणी मात्र वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे डाग बसतात. लगेच मऊ टॉवेलनं टिपून घ्या.

आता हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून फिरवा. खरखरीत लागलं, तर क्ले बार भरपूर ल्युब्रिकंट मारून हलक्या हातानं फिरवा. क्ले जमिनीवर पडला, तर सरळ फेकून द्या.

आता पॉलिश, स्टेप बाय स्टेप

* पहिल्यांदाच करताय? मग सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ फोम पॅड घ्या. थोडेच चरे असतील, तर हातानंही जमतं. पूर्ण गाडीसाठी ‘ड्युअल अॅक्शन’ पॉलिशर बरा. गॅरेजमधला नुसता गरगर फिरणारा रोटरी बफर नवशिक्यासाठी नाही. तो एका जागी थांबला, तर रंग जाळतो.
* रबर, काळं प्लॅस्टिक आणि पत्र्याच्या कडा मास्किंग टेपनं झाका. कडांवर थर सगळ्यात पातळ असतो.
* आधी बॉनेटच्या कोपऱ्यात दीड-दोन फुटांचा चौकोन घेऊन ट्रायल घ्या. तिथं जमलं, तरच पुढे.
* पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशिन पॅनेलला टेकवूनच सुरू करा. कमी स्पीडवर पसरवा, मग स्पीड वाढवून आधी आडवं, नंतर उभं, अगदी सावकाश फिरवा. दाब हलका.
* स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा, टॉर्च मारून बघा. चरे सत्तर-ऐंशी टक्के गेले, तर खूश व्हा आणि थांबा.
* नव्या गाडीचा रंग पॅडवर आला, तर ताबडतोब थांबा. क्लिअर कोट संपलाय. जुन्या अॅम्बेसेडर, फियाटवर वेगळा क्लिअर कोट नसायचा, तिथं फडक्याला रंग लागणं साहजिकच होतं.
* शेवटी वॅक्स किंवा सीलंट. सिरॅमिक कोटिंग करायचं असेल, तर चरे आधी काढा, नाहीतर ते कोटिंगखाली तसेच राहतील.

टूथपेस्टचे प्रयोग टाळा. त्यातले कण गाडीसाठी बनवलेले नसतात. डिझेलचा फडका मारून येणारी चमकही दोन दिवसांची. त्यावर धूळ आणखी चिकटते आणि रबर खराब होतं ते वेगळंच.

आणि अण्णा?

दिवाळीला बॉनेट पॉलिश केलं, अंगणातच. अण्णा खुर्ची टाकून बघत होते. शेवटी विचारलंच, ‘‘हे चरे माझ्यामुळं पडले का रे?’’

खोटं बोलता आलं नाही. ‘‘अण्णा, धुळीमुळं पडले. तुम्ही फक्त आधी पाणी मारत जा.’’ ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि दुसरी बादली घेऊन आले.

या दसऱ्याला पूजा झाल्यावर बघतो, तर कुंकवावर त्यांनी मगानं पाणी सोडलं, भिजू दिलं आणि मग अलगद टिपून घेतलं. शेजारचे काका फडकं घेऊन आपल्या गाडीकडे निघाले होते. अण्णांनी त्यांना तिथूनच हाक मारली, ‘‘ओ, थांबा! आधी पाणी, मग हात!’’