पेट्रोल टाकीचा श्वास : जुन्या वाहनांतील एक दुर्लक्षित दोष

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा (2024 पूर्वीचा अहमदनगर) अकोल्याच्या डोंगराळ भागापासून जामखेडच्या पठारापर्यंत पसरलेला आहे. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन परत येणे म्हणजे अनेकदा दिवसभराचा प्रवास असतो. अशा जिल्ह्यात वाटेत वाहन बंद पडणे ही केवळ गैरसोय नसते. रुग्णाला दवाखान्यात नेणारी किंवा परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्यांची गाडी करंजी घाटात अथवा चंदनापुरी घाटात थांबली, तर त्याची किंमत मोजावी लागते.

15 वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण 1 एप्रिल 2023 पासून बंद झाले आहे. तथापि खाजगी मालकीच्या जुन्या अँबॅसिडर, पद्मिनी, जीप आणि मोपेड गाड्या आजही ग्रामीण भागात दिसतात. या वाहनांत वारंवार आढळणारा, पण सहसा उशिरा ओळखला जाणारा एक दोष म्हणजे इंधनाच्या टाकीत हवा येण्याजाण्याचा मार्ग बंद होणे.

टाकीला हवा कशासाठी?

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत बाहेर येते. दुसरे भोक पाडताच सरळ धार लागते, हे प्रत्येक किराणा दुकानदारास ठाऊक असते. गाडीच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे. इंजिनाने 1 लिटर पेट्रोल ओढून घेतले की तेवढीच हवा टाकीत शिरली पाहिजे. यासाठी जुन्या गाड्यांत टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असते किंवा टाकीपासून निघालेली एक लहान नळी बाहेर उघडी ठेवलेली असते.

ही वाट बुजली म्हणजे टाकीतील दाब हळूहळू घटतो. बाहेरच्या दाबापेक्षा तो केवळ एक-विसांशाने कमी झाला, तरी पंपाला पेट्रोल जणू सुमारे 65 सेंटिमीटर अधिक उंच उचलावे लागते, आणि टाकीच्या प्रत्येक चौरस फूट पत्र्यावर सुमारे 45 किलोग्रॅमचा भार पडतो. टाकी मागे आणि पंप पुढे इंजिनावर, अशी रचना असलेल्या मोटारींत मग पेट्रोलचा पुरवठा तुटतो. टाकीचा पत्रा आत चेपण्याचेही प्रकार घडतात. मोपेडमध्ये पेट्रोल पंपाशिवाय, स्वतःच्या वजनाने खाली उतरते. त्यामुळे 1972 साली बाजारात आलेल्या आणि नगरच्या कारखान्यातून गावोगावी पोहोचलेल्या लुनासारख्या गाडीत झाकणाचे छिद्र बुजले, तरी हाच परिणाम होतो.

दोषाची लक्षणे

गाडी सकाळी व्यवस्थित सुरू होते. काही अंतर गेल्यावर ओढ कमी होते, चढावर इंजिन अडखळते आणि शेवटी बंद पडते. अर्धा तास थांबल्यावर ती पुन्हा सुरू होते, कारण तेवढ्या वेळात फटींतून थोडी हवा टाकीत शिरलेली असते. काही मैलांनंतर पुन्हा तोच प्रकार घडतो. डिझेलच्या जीपमध्ये टाकीतील ओढीमुळे सैल जोडांतून नळीत हवा शिरते आणि ती काढून टाकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.

अशा वेळी कार्ब्युरेटर उघडणे, पंपाचा पडदा किंवा कॉइल बदलणे असे खर्च एकामागून एक केले जातात. मूळ कारण मात्र तसेच राहते.

निदानाचा क्रम

पहिली पायरी अत्यंत सोपी आहे. गाडी बंद पडताच ती रस्त्याच्या कडेला घ्यावी, विडी-काडी दूर ठेवावी आणि टाकीचे झाकण सावकाश उघडावे. आत हवा ओढली गेल्याचा ‘सूं’ असा आवाज आला, आणि झाकण पुन्हा लावून लगेच, एक-दोन मिनिटांत, गाडी सुरू झाली, तर संशय हवामार्गावर घ्यावा. दोन-तीन वेळा असाच अनुभव आल्यास निदान पक्के समजावे.

झाकण उघडूनही लगेच फरक न पडल्यास इतर कारणे तपासावीत. कडक उन्हात, घाट चढल्यानंतर गाडी थांबली असेल आणि पंपावर ओले फडके ठेवताच ती सुरू होत असेल, तर नळीतील पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडलेला असतो. प्लगला ठिणगी मिळत नसेल तर दोष कॉइलचा किंवा विद्युत जोडणीचा असतो. मात्र ठिणगीची तपासणी टाकीचे झाकण उघडे असताना कदापि करू नये.

वाट का बुजते?

सर्वांत सामान्य कारण झाकणाचे आहे. मूळ झाकण हरवले की बाजारातून दिसायला सारखे, पण छिद्र नसलेले झाकण आणले जाते. काही जण तोंडावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधतात. तिने हवा अडते. चिंधी कोंबल्यास धूळ आणि पावसाचे पाणी टाकीत जाते. कच्च्या रस्त्यावरील माती, गंज, दुमडलेली रबरी नळी, तसेच दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशीने केलेले मातीचे घर, हीदेखील नेहमीची कारणे होत.

पेट्रोल भरताना ते टाकीत न उतरता वारंवार उसळून बाहेर येत असेल, तर आतली हवा बाहेर सोडणारी नळी अडलेली आहे असे समजावे. उन्हाळ्यात हा बाहेरचा मार्ग अधिक महत्त्वाचा ठरतो. 40 लिटर पेट्रोलचे तापमान 15 अंशांनी वाढले, तर ते सुमारे अर्ध्या लिटरने फुगते. म्हणून मे महिन्यात टाकी काठोकाठ भरून गाडी उन्हात उभी करू नये.

पेट्रोलचा सतत वास येणे हे वेगळे आणि अधिक गंभीर लक्षण आहे. त्याचा अर्थ नळीला तडा गेला आहे असा असू शकतो. 2025 साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुने रबर अशा मिश्रणासाठी बनवलेले नसल्याने ते फुगते किंवा चिरते. ऊस आणि इथेनॉल यांच्याशी निकटचा संबंध असलेल्या या जिल्ह्यातील जुन्या वाहनांच्या मालकांनी नळ्या बदलताना इथेनॉलला टिकणारे रबर मागून घेणे हिताचे आहे.

दुरुस्ती व दक्षता

झाकणाचे छिद्र बारीक तारेने साफ करावे. हवेची नळी टाकीपासून सोडवूनच तिच्यात हवेचा दाब द्यावा; जोडलेल्या स्थितीत दाब दिल्यास घाण टाकीत जाते आणि टाकीला इजा होते. झाकणाला खिळ्याने मोठे भोक पाडणे हा उपाय नव्हे. त्यातून धूळ आत जाते आणि पेट्रोल सांडून आगीचा धोका निर्माण होतो. नव्या गाड्यांत टाकीची वाफ कोळशाच्या डबीत साठवून इंजिनाकडे नेली जाते. त्यांच्या झाकणात किंवा नळ्यांत कोणताही फेरबदल करू नये. चेपलेल्या टाकीला झाळण्यासाठी ज्योत लावण्याचा प्रयत्न गॅरेजबाहेर कोणीही करू नये, कारण रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतील वाफच स्फोटास कारण होते.

शाळेत हवेच्या दाबाचा धडा शिकवताना एका व दोन भोकांच्या डब्यांत पाणी भरून हा नियम विद्यार्थ्यांना सहज दाखविता येईल. ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील वाहनधारकांना आणि चालकांना झाकण उघडून पाहण्याची ही साधी तपासणी समजावून दिली, तर अनावश्यक खर्च वाचेल आणि अडचणीच्या वेळी निघालेली गाडी वाटेत न थांबता मुक्कामी पोहोचेल.