यादी जुनी, क्रम नवा
लेखमाला : दर्याचे पहारेकरी – लेखांक 6

नौदल आणि तटरक्षक दल यांच्यातली कामाची वाटणी गेल्या लेखांकात आली. दलाच्या स्वतःच्या कामांत आधी काय आणि नंतर काय, हे मात्र कायद्यापेक्षा किनाऱ्यावर काय येऊन आदळले यावरच जास्त ठरत आले आहे.

सुरुवात चोरट्या मालापासून झाली. सत्तरच्या दशकात आखाती देशांतून सोने आणि घड्याळे घेऊन निघालेल्या बोटी मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला लागत, आणि कस्टम्सचे हात तोकडे पडत. 1974 मध्ये के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली ती या दुखण्यावर इलाज शोधायला. त्याच वर्षी बॉम्बे हायला तेल लागले. 1976 मध्ये संसदेने 200 सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्राचा कायदा केला. दल जन्माला येण्याआधीच त्याचे शिवार असे अफाट वाढले होते. 1 फेब्रुवारी 1977 रोजी काम सुरू झाले तेव्हा हाताशी होत्या ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ या नौदलाच्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका.

1978 च्या तटरक्षक दल कायद्यातील कलम 14 मुद्दाम वाचावे असे आहे. पहिल्या जागी समुद्रातले तेलफलाट, मग मच्छीमारांचे रक्षण, मग सागरी पर्यावरण. तस्करी चौथी, आणि तीही कस्टम्सला मदत करण्यापुरती! ज्या कामासाठी एवढा घाट घातला, तेच पंगतीत मागे बसले.

1990 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, पुढे आयातही सैल झाली आणि सोन्याच्या ‘लँडिंग’मधली कमाई आटत गेली. वाटा मात्र बुजल्या नव्हत्या. 1993 च्या सुरुवातीला रायगडमधील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले, ते तस्करांच्याच सवयीच्या मार्गांनी. 12 मार्चच्या बॉम्बस्फोटांनंतर नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम्स यांची संयुक्त गस्त सुरू झाली. तिचे नाव ‘ऑपरेशन स्वान’.

तरी 2008 मध्ये ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेऊन दहा दहशतवादी मुंबईपर्यंत पोहोचले. त्यानंतर दलाच्या कामाचा काटा जेवढा फिरला तेवढा आधी कधी फिरला नव्हता. 2009 मध्ये किनारी पोलिसांच्या गस्तीचे पाणी धरून साऱ्या प्रादेशिक समुद्राची जबाबदारी दलावर आली. किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळू लागली. कायद्याच्या यादीत ज्याचे रक्षण करायचे, तो कोळी आता खबर देणाराही झाला आणि ज्याची बोट थांबवून कागद तपासायचे असा संशयितही. हे दुहेरी नाते आजही अवघडच आहे. मैत्रीचे मेळावे भरवून ते सहज सुटेल असे वाटत नाही.

एक काम तर यादीत धड नव्हतेच. नोव्हेंबर 1999 मध्ये चाच्यांनी पळवलेले ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज दलाच्या ‘ताराबाई’ने आणि नौदलाच्या ‘प्रहार’ने अरबी समुद्रात पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने चाच्यांना शिक्षा ठोठावली, उच्च न्यायालयात ते 2005 मध्ये सुटले. चाचेगिरीसाठी वेगळा कायदा व्हायला 2022 साल उजाडले. जपानशी नाते मात्र लगेच जुळले. 2000 पासून दोन्ही दलांचे संयुक्त सराव होत आहेत.

यादीतल्या तिसऱ्या कामाला जोर आणला तो अपघातांनी. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ यांची टक्कर होऊन तेल सांडले. पुढच्याच ऑगस्टमध्ये 60 हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन ‘रॅक कॅरियर’ बुडाले.

सध्या जोर अमली पदार्थांवर आहे. 2017 मध्ये गुजरातजवळ एका जहाजात सुमारे 1500 किलो हेरॉइन सापडले. नोव्हेंबर 2024 मध्ये अंदमानच्या समुद्रात म्यानमारच्या एका मासेमारी बोटीवर मेथॅम्फेटामाइन मिळाले ते टनांच्या मापात, साडेपाच टनांच्या आसपास. नवे काम आले म्हणून जुने सुटते असे इथे होत नाही. नोव्हेंबरातच दरवर्षी ‘ऑपरेशन ऑलिव्हिया’ही सुरू होते, आणि ओडिशाच्या किनाऱ्याकडे विणीला येणाऱ्या कासवांच्या वाटेतले ट्रॉलर हटवायला याच दलाच्या नौका लागतात.

(पुढील लेखांक : बुडत्या बोटीची हाक मुंबईच्या बचाव समन्वय केंद्रापर्यंत कशी पोहोचते)